नकार, संमती आणि सोबत : ‘श्वास’ व ‘द चिल्ड्रन ॲक्ट’ यांतील आजारी मुलाविषयीच्या निर्णयाची चिकित्सा

प्रस्तावना

१९४७-४८ साली बॉस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या काही बालकांना अमिनोप्टेरिन हे औषध देऊन पाहिले आणि त्यांतील काहींचा आजार काही महिन्यांपुरता का होईना, मागे हटला. त्यापूर्वी या आजारात आईवडिलांनी उपचार नाकारण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. कारण नाकारावे असे काही हाताशीच नव्हते. १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातून कायमची बरी होणारी मुले अगदी थोडी होती. आज संपन्न देशांत या आजाराच्या दर दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. पालकांच्या नकाराला नैतिक आणि कायदेशीर वजन प्राप्त झाले ते या यशामुळे. उपचार निष्फळ असतील, तर नकार हे शहाणपण ठरू शकते. उपचार गुणकारी असतील, तर तोच नकार मुलाच्या जिवावर बेततो.

या विषयाची चर्चा बहुधा वैद्यकीय नीतिशास्त्र आणि कायदा या दोन शाखांत होते. तेथे प्रश्न असा मांडला जातो : निर्णय कोणाचा? पालकांचा, डॉक्टरांचा, न्यायालयाचा की मुलाचा? साहित्य आणि चित्रपट या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने जातात. निर्णय घेणाऱ्या माणसाच्या मनात त्या दिवसांत काय घडते आणि निर्णयानंतर मुलाचे काय होते, हे ते दाखवू शकतात. प्रस्तुत लेखात या दृष्टीने दोन कलाकृतींचा विचार केला आहे. पहिली, संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ हा २००४ साली प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट. दुसरी, इयन मॅक्यूअन या ब्रिटिश कादंबरीकाराची ‘द चिल्ड्रन ॲक्ट’ ही २०१४ ची कादंबरी. दोन्हींत कर्करोग झालेले मूल आहे, उपचाराला होकार देणे ज्यांना शक्य होत नाही असे वडीलधारे आहेत आणि जीव वाचवण्याचा उपाय समोर उपलब्ध आहे. संस्कृती, वर्ग आणि माध्यम मात्र पूर्णपणे भिन्न आहेत. या भिन्नतेमुळेच दोहोंची तुलना उपयुक्त ठरते.

नकाराचे स्वरूप

कलाकृतींकडे वळण्यापूर्वी प्रत्यक्षातील नकार कसा असतो, हे पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दिलेला एक निकाल या विषयातील आरंभीच्या महत्त्वाच्या निकालांपैकी एक मानला जातो. ल्युकेमिया झालेल्या एका अगदी लहान मुलाची प्रकृती केमोथेरपीने सुधारली होती. आजार मागे हटल्यावर घरी द्यावयाच्या गोळ्या पालकांनी बंद केल्या आणि आजार उलटला. न्यायालयाने केमोथेरपी चालू ठेवण्याचा आदेश दिला. पुढे पालक मुलाला घेऊन मेक्सिकोला निघून गेले. तेथे १९७९ साली ते मूल दगावले.

या घटनाक्रमातील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. हा नकार निदानाच्या दिवशी आला नव्हता. तो मूल बरे दिसू लागल्यावर आला. केमोथेरपीचा स्वभावच असा आहे की, तिच्या आरंभीच्या यशानंतर मूल वरकरणी निरोगी दिसते आणि औषध घेतल्यावर आजारी पडते. उलट्या होतात, केस गळतात, तोंड येते, पांढऱ्या पेशी उतरल्या की ताप येतो. पालकांच्या डोळ्यांना जे दिसते ते असे, की रोग गेला आणि त्रास औषधाचा आहे. रक्तात दडून राहिलेल्या पेशी कोणाला दिसत नाहीत. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. शस्त्रक्रियेची संमती एकदा द्यावी लागते. केमोथेरपीची संमती मात्र पुढच्या प्रत्येक फेरीच्या वेळी, कधी मूल रडत असताना तर कधी घरात पैसे नसताना, नव्याने द्यावी लागते.

मिनेसोटा राज्यात २००९ साली हॉजकिन लिम्फोमा झालेल्या तेरा वर्षांच्या मुलाने पहिल्या फेरीनंतर केमोथेरपी नाकारली. पालकांचा त्याला पाठिंबा होता. न्यायालयाने उपचाराच्या बाजूने आदेश दिल्यावर आई मुलाला घेऊन काही दिवस बेपत्ता झाली. मग ती परतली, उपचार पूर्ण झाले आणि मूल वाचले. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात २०१४ साली आदिवासी समाजातील एका मुलीच्या आईने पारंपरिक औषधांसाठी केमोथेरपी थांबवली. हस्तक्षेप करावा, हा रुग्णालयाचा अर्ज न्यायालयाने फेटाळला. एप्रिल २०१५ मध्ये त्याच न्यायाधीशांनी आपल्या निर्णयाला स्पष्टीकरण जोडून मुलाचे हित सर्वोपरी असल्याचे नमूद केले. त्या वेळेपर्यंत मुलीचा आजार उलटला होता आणि केमोथेरपी पुन्हा सुरू झाली होती. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१६ साली मेंदूची गाठ झालेल्या एका लहान मुलाच्या पालकांनी उपचार नाकारले, तेव्हा न्यायालयाने प्रथम केमोथेरपीचा आदेश दिला. पुढे बरे होण्याची शक्यता घटल्यावर केवळ वेदनाशामक शुश्रूषेला अनुमती दिली.

हे सर्व नकार एका मापाने मोजता येत नाहीत. बरे होण्याची शक्यता नऊदशांश असताना दिलेला नकार आणि ती अगदी क्षीण असताना दिलेला नकार यांत मूलभूत फरक आहे. ओंटारिओतील आईच्या नकारामागे, आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवणाऱ्या शासनाविषयीचा पिढ्यांचा अविश्वास होता, हेही विसरता येत नाही. मात्र या घटनांतून एक गोष्ट समान दिसते : नकार हा बहुधा एका क्षणाचा निर्णय नसून दीर्घकाळ साचत आलेल्या भीतीचा, थकव्याचा आणि अविश्वासाचा परिपाक असतो.

भारतात असे नकार न्यायालयापर्यंत क्वचितच जातात. येथे नकार निःशब्द असतो. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णास घेऊन जात आहोत’ अशा कागदावर अंगठा उठतो, किंवा तोही उठत नाही. पुढच्या तारखेला कुटुंब येतच नाही. बालकर्करोगाच्या परिभाषेत सलग चार आठवडे वा अधिक काळ उपचार न घेणे याला उपचारत्याग म्हणतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरातील पदपथांवर मुक्काम करणारी कुटुंबे मुंबईकरांच्या परिचयाची आहेत. औषधांचा खर्च शासकीय योजनेतून वा देणग्यांतून भागला, तरी बुडालेली मजुरी, गावी ठेवलेली इतर मुले आणि राहण्याची सोय हे प्रश्न उरतातच. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ या संस्थेने अशा कुटुंबांच्या विनामूल्य निवासाचे काम हाती घेतले, ते याच निकडीतून. उपचारत्यागामागे दरवेळी श्रद्धा वा अज्ञानच असते असे नाही. पुष्कळदा पुढच्या महिन्याचे भाडे असते.

‘श्वास’ : सहीपूर्वीचे दिवस

माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या ‘श्वास’ने १९५० च्या दशकातील ‘श्यामची आई’नंतर प्रथमच मराठी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांतील सुवर्णकमळ मिळवून दिले. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही त्याची निवड झाली. या यशामुळे चित्रपटाची चर्चा बहुतांशी मराठी चित्रपटाचे पुनरुज्जीवन या अंगाने झाली. त्याने मांडलेल्या नैतिक पेचाकडे तुलनेने कमी लक्ष गेले.

कथानक साधे आहे. कोकणातील परशुराम या लहान मुलाला घेऊन त्याचे आजोबा शहरातील रुग्णालयात येतात. मुलाच्या डोळ्यांना रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग, असल्याचे निष्पन्न होते. जीव वाचवायचा, तर शस्त्रक्रिया करावी लागणार आणि शस्त्रक्रिया केली, तर दृष्टी जाणार. डॉ. साने यांच्याकडे निश्चित ज्ञान आहे आणि वेळ थोडा आहे. आजोबांकडे ज्ञान नाही आणि त्यांना वेळ हवा आहे. रुग्णालयातील समाजसेविका आसावरी या दोघांच्या मधली जागा भरून काढू पाहते. मुलाला शस्त्रक्रियेपूर्वी सत्य सांगितले पाहिजे, हा आग्रह आणि ते कोणी, कसे सांगायचे, ही घालमेल चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे.

आजोबांची पहिली प्रतिक्रिया स्वीकाराची नाही. तथापि दिग्दर्शकाने या अस्वीकाराला अडाणीपणाचे रूप दिलेले नाही, ही चित्रपटाची मोठी जमेची बाजू आहे. अरुण नलावडे यांनी साकारलेला हा म्हातारा डॉक्टरांशी वाद घालत नाही किंवा वैद्यकशास्त्राला खोटे ठरवत नाही. त्याला जे सांगितले गेले, ते त्याच्या आयुष्यात कोठे ठेवावे, हे त्याला कळत नाही. एखादी गोष्ट ऐकणे आणि ती मनात उतरणे, यांत अंतर असते. रुग्णालयाच्या व्यवस्थेत त्या अंतरासाठी जागा नसते. कारण बाहेर रांग उभी असते. चित्रपटात वारंवार येणारी कोकणची दृश्ये या संदर्भात पाहिली पाहिजेत. त्यांना केवळ निसर्गसौंदर्याची पेरणी मानणे योग्य होणार नाही. परशा काय गमावणार आहे, त्याचा तो हिशेब आहे आणि तो हिशेब केल्यावाचून आजोबा होकार देऊ शकत नाहीत.

चित्रपटाचा कळसबिंदू म्हणजे शस्त्रक्रियेच्या तोंडावर आजोबा आणि परशा वॉर्डातून नाहीसे होतात, तो प्रसंग. रुग्णालयाच्या दृष्टीने हे पलायन आहे. मिनेसोटातील आई मुलाला घेऊन निघून गेली, तेव्हा तेथील यंत्रणेने जे मानले, तेच येथील यंत्रणाही मानते. प्रेक्षकालाही काही काळ तसेच वाटते. नंतर उमगते की, आजोबांनी नातवाला शहर दाखवायला नेले होते. दृष्टी जाण्यापूर्वी जेवढे पाहता येईल तेवढे पाहून घ्यावे म्हणून. डॉक्टरांचा संताप अगदी रास्त आहे. कारण या आजारात विलंब घातक ठरू शकतो. तरीही त्या दिवसाच्या अखेरीस आजोबा आणि नातू स्वतःच्या पायांनी रुग्णालयात परत येतात, याचे महत्त्व कमी होत नाही. कागदावरची सही आजोबांनी आधीही केली असती. संमती मात्र या भटकंतीत घडते. वरून नकारासारखी दिसणारी कृती ही वस्तुतः होकाराची पूर्वतयारी होती, हे ‘श्वास’ने दाखवलेले सत्य मराठी चित्रपटात दुर्मीळ आहे.

या ठिकाणी चित्रपटाच्या मर्यादांचाही निर्देश केला पाहिजे. पहिली मर्यादा पेचाच्या रचनेत आहे. ‘श्वास’मध्ये एका बाजूला मृत्यू व दुसऱ्या बाजूला अंधत्व आहे आणि वैद्यकीय अनिश्चिततेला फारसा वाव नाही. रोग पुढच्या अवस्थेत असेल, तर डोळा काढणे अपरिहार्य ठरते, हे खरे. परंतु १९९० च्या दशकापासून केमोथेरपीने गाठ लहान करून नंतर लेसर वा शीतोपचाराने डोळा वाचवण्याचे प्रयत्न रूढ झाले होते. अशा उपचारात पालकांपुढे एक मोठा निर्णय येत नाही, अनेक छोटे निर्णय येतात आणि त्यांतील कोणत्याही टप्प्यावर पाऊल अडखळू शकते. चित्रपटाने एकच निर्णय निवडल्यामुळे कथेला घट्टपणा आला. नकाराचे दीर्घ, थकवणारे रूप मात्र तिच्या बाहेर राहिले.

दुसरी मर्यादा शेवटात आहे. काळा चष्मा लावलेला परशा होडीतून गावी परततो, ते दृश्य मन हेलावून टाकते. परंतु येथेच चित्रपट संपत असल्यामुळे आंधळ्या मुलाची शाळा, त्याचे शिक्षण, पुढची तपासणी, घरातील मोठ्यांच्या मनातील ‘हे आपण योग्य केले का’ हा प्रश्न, यांपैकी काहीच प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. आजोबांचा होकार ज्या भविष्यासाठी होता, ते भविष्य कोऱ्या जागेसारखे राहते.

‘द चिल्ड्रन ॲक्ट’ : आदेशानंतरचे दिवस

मॅक्यूअन यांची कादंबरी जणू या कोऱ्या जागेतच लिहिली गेली आहे. इंग्लंडच्या १९८९ च्या बालकविषयक कायद्याने मुलाचे कल्याण हे न्यायालयाच्या विचारातील सर्वोच्च तत्त्व ठरवले. त्या कायद्याचे नाव कादंबरीला दिलेले आहे. कौटुंबिक विभागातील न्यायाधीश फिओना मे यांच्यासमोर ॲडम हेन्री या ल्युकेमियाग्रस्त मुलाचे प्रकरण तातडीने येते. ॲडम आणि त्याचे आईवडील ‘जेहोवाज् विटनेसेस’ या पंथाचे आहेत आणि त्यांच्या श्रद्धेनुसार दुसऱ्याचे रक्त शरीरात घेणे निषिद्ध आहे. ल्युकेमियावरील औषधे अस्थिमज्जेचे कार्य मंदावतात, त्यामुळे रक्त चढवल्यावाचून संपूर्ण केमोथेरपी देता येत नाही. रक्ताला दिलेला नकार हा अशा प्रकारे परिणामतः केमोथेरपीलाच दिलेला नकार ठरतो. ॲडम अठरा वर्षांचा होण्यास केवळ तीन महिने उरले आहेत, हा पेचातील आणखी एक पीळ.

हे कथाबीज कल्पित नाही. न्यायमूर्ती ॲलन वॉर्ड यांच्यासमोर १९९० साली असेच एक प्रकरण आले होते. त्यांनी त्या मुलाची रुग्णालयात जाऊन भेट घेतली आणि रक्त देण्यास परवानगी दिली. मूल त्या वेळी वाचले; पुढे सज्ञान झाल्यावर आजार उलटला, तेव्हा त्याने रक्त नाकारले आणि ते दगावले. कादंबरीनेही हाच क्रम स्वीकारला आहे.

येथे इंग्लिश कायद्यातील एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. १९६९ च्या कायद्यानुसार सोळा वर्षांवरील मूल स्वतःच्या उपचाराला संमती देऊ शकते. परंतु त्याच मुलाने जीवरक्षक उपचार नाकारले, तर न्यायालय तो नकार बाजूला सारू शकते. म्हणजे होकार देण्याइतके प्रौढ असलेले मूल नकार देण्याइतके प्रौढ मानले जात नाही. तर्काच्या दृष्टीने ही विषमता खटकते; जीव वाचवण्याच्या दृष्टीने तिचे समर्थन करता येते. मॅक्यूअन यांनी या विसंगतीवर भाष्य करण्याऐवजी ती एका मुलाच्या तोंडी आणि वागण्यात उतरवली आहे.

फिओना ॲडमच्या खाटेशेजारी बसते. तो व्हायोलिन शिकतो आहे, कविता लिहितो आहे. तो वाजवत असलेल्या सुरावटीवर येट्स यांच्या कवितेचे शब्द आहेत आणि ती ते गाते. न्यायालयात परतल्यावर ती रक्त देण्याचा आदेश देते. निकाल सुस्पष्ट, मानवी आणि कायद्याला धरून आहे. कायद्याच्या ग्रंथात गोष्ट येथे संपली असती. कादंबरीचा खरा आशय मात्र यानंतर सुरू होतो.

बरा झालेला ॲडम फिओनाला सांगतो की, त्याला रक्त चढवले जात असताना त्याचे आईवडील आनंदाने रडत होते. या एका तपशिलात कादंबरीची सर्व नैतिक शक्ती एकवटली आहे. आईवडिलांना मूल हवेच होते. आपल्या हाताने होकार देणे त्यांना शक्य नव्हते. कारण तो दिला असता, तर देव, पंथ आणि ज्यांच्यात आयुष्य काढले ती सर्व माणसे त्यांना दुरावली असती. न्यायालयाने होकार दिला आणि त्यांची सुटका झाली. नकार देणारे पालक म्हणजे मुलावर प्रेम नसलेले पालक, हा सोपा समज येथे कोलमडतो. त्याच वेळी दुसरा अर्थही निघतो : राज्यसंस्थेचा आदेश हा पालकांच्या पराभवाऐवजी त्यांच्यावरील ओझे उतरवण्याचा मार्ग ठरू शकतो.

परंतु ॲडमच्या वाट्याला या सुटकेतून पोकळी येते. ज्या श्रद्धेसाठी तो मरायला तयार झाला होता, ती आईवडिलांच्या अश्रूंबरोबर वाहून गेली. तिच्या जागी काय ठेवायचे, हे सांगणारे कोणी नाही. तो फिओनाला पत्रे लिहितो, तिच्यामागे न्यूकॅसलपर्यंत जातो, तिच्या घरी राहण्याची इच्छा व्यक्त करतो. ती एका दुबळ्या क्षणी मर्यादा ओलांडते, मग घाबरून त्याला परत पाठवते आणि त्याच्या शेवटच्या कवितेला उत्तर देत नाही. आजार उलटतो. आता तो अठरा वर्षांचा आहे. त्याचा नकार कायद्याने ग्राह्य आहे. तो रक्त घेत नाही. ज्या कायद्याने त्याला वाचवले, तो कायदा त्याला जगण्याचे कारण देऊ शकला नाही आणि कायद्याकडून तशी अपेक्षा करणेही कदाचित अन्याय्य आहे. फिओनाचे अपयश न्यायाधीश म्हणून नाही. ज्या मुलाच्या आयुष्यात तिने हात घातला, त्याला तिने मध्येच सोडले, हे तिचे अपयश आहे.

कादंबरीचीही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. हेन्री दांपत्य वाचकाला फारसे आतून दिसत नाही. न्यायालयातील साक्ष आणि ॲडमचे कथन यांतूनच ते कळतात. सर्व अनुभव एका सुशिक्षित, सुस्थित न्यायाधीशाच्या जाणिवेतून गाळून येतो. फिओनाच्या वैवाहिक पेचाला जेवढी पाने मिळतात, तेवढी नकार देणाऱ्या आईच्या रात्रींना मिळत नाहीत. ‘श्वास’ने आजोबांना केंद्रस्थानी ठेवून जे साधले, ते येथे साधलेले नाही.

तौलनिक विचार

दोन्ही कलाकृती शेजारी ठेवल्या असता काही मुद्दे स्पष्ट होतात.

पहिला मुद्दा काळाचा. ‘श्वास’ निर्णयापूर्वीचा काळ दाखवतो; ‘द चिल्ड्रन ॲक्ट’ निर्णयानंतरचा. एकात होकार पिकायला वेळ मिळतो आणि तो टिकेल असा भरवसा वाटतो. दुसऱ्यात होकार एका संध्याकाळी बाहेरून येतो आणि वर्षभरात कोसळतो. दोन्ही कलाकृतींनी शस्त्रक्रिया वा रक्तसंक्रमण असा एक ठळक क्षण निवडला आहे. कारण कथेला तसा क्षण लागतो. केमोथेरपीची दोन-तीन वर्षे, पुनःपुन्हा येणाऱ्या सुया, मधल्या काळातले मुलाचे फसवे आरोग्य, चौदाव्या फेरीला खचणारी आई, हे सारे दोहोंच्याही कक्षेबाहेर आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ज्या प्रकारचा नकार घडला आणि भारतातील रुग्णालयांतून जो निःशब्दपणे घडतो, त्याचे चित्रण या दोन्ही कलाकृती करत नाहीत.

दुसरा मुद्दा मुलाच्या आवाजाचा. परशा लहान आहे. त्याचे मत विचारण्याचा प्रश्न नाही, त्याला सत्य सांगण्याचा प्रश्न आहे. ॲडमचे मत सर्वांना ठाऊक आहे. ते मानावे का, हा प्रश्न आहे. तरीही दोघांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी आहे. दोघांनाही आपल्याशी खरे बोलणारा कोणीतरी मोठा माणूस हवा आहे. परशाला तो आजोबांच्या रूपाने मिळतो, जरी ते बोलणे शब्दांपेक्षा शहर दाखवण्यातून होत असले तरी. ॲडमला तो एका दुपारपुरता मिळतो.

तिसरा मुद्दा मधल्या माणसाचा. आसावरीच्या व्यक्तिरेखेकडे समीक्षकांनी दुय्यम पात्र म्हणून पाहिले, तर चित्रपटाचा एक महत्त्वाचा धागा निसटेल. तिच्याजवळ डॉक्टरांचा अधिकार नाही आणि आजोबांचे नातेही नाही. ती केवळ वेळ देते, तेच वाक्य पुन्हा सांगते, कागद कोठे न्यायचा ते दाखवते, सोबत थांबते. इंग्लंडच्या कादंबरीत अशा माणसाची जागा स्वतः न्यायाधीश काही काळ घेते. पद आडवे आल्यामुळे तिला ती सोडावी लागते. बालकर्करोगाच्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकाचे पद हे अंदाजपत्रकात सर्वांत आधी कात्री लागणारे पद असू नये, हा या तुलनेतून निघणारा अगदी व्यावहारिक निष्कर्ष आहे.

एक आक्षेप येथे संभवतो. नकाराकडे एवढ्या सहानुभूतीने पाहिले, तर मुलाच्या जगण्याच्या हक्काचे काय? पालकांना समजून घेण्याच्या नादात मूल दगावले, तर त्या समजूतदारपणाला काय अर्थ उरतो? हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. मूल ही पालकांची मालमत्ता नाही. बरे होण्याची शक्यता मोठी असेल, समजावण्याचे मार्ग संपले असतील आणि वेळ निसटत असेल, तेव्हा न्यायालयाने हस्तक्षेप केलाच पाहिजे. मिनेसोटातील मूल वाचले, त्यात आदेशाचा वाटा होता. भारतीय कायद्यातही बारा वर्षांखालील मुलाच्या वतीने पालकाने द्यावयाची संमती ही मुलाच्या हितासाठी सद्भावनेने दिलेली असावी, अशी अट आहे. भारतीय दंडसंहितेच्या कलम ८९ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २७ म्हणून कायम आहे. पालकाचा अधिकार हा मुलाच्या हिताशी बांधलेला आहे, हे तत्त्व त्यातून सूचित होते.

तथापि आदेशाची शक्ती कोठपर्यंत पोहोचते, हेही पाहिले पाहिजे. आदेशाने एक शस्त्रक्रिया होऊ शकते, एक पिशवी रक्त चढू शकते. दोन वर्षे दर महिन्याला मुलाला बसमध्ये बसवून रुग्णालयात आणणे, ताप आल्यास मध्यरात्री धाव घेणे, गोळी थुंकून टाकली तर पुन्हा देणे, ही कामे कोणताही आदेश करू शकत नाही. ती पालकांनाच करावी लागतात. ज्या पालकांकडून आदेशाने होकार मिळवला, त्यांच्याच हातून पुढची दोन वर्षे उपचार व्हायचे असतात, ही या प्रश्नातील खरी अडचण आहे.

समारोप

‘श्वास’ आणि ‘द चिल्ड्रन ॲक्ट’ या कलाकृतींनी आजारी मुलाविषयीच्या निर्णयाचे दोन अर्धे भाग दाखवले आहेत. होकारापर्यंत पोहोचण्यासाठी माणसाला किती चालावे लागते, हे मराठी चित्रपट दाखवतो. परक्या हाताने मिळालेल्या होकारानंतर मुलाला एकटे सोडले, तर काय होते, हे इंग्लिश कादंबरी दाखवते. दोन्हींतून मिळून असे म्हणता येते की, नकाराच्या मुळाशी पुष्कळदा सोबतीचा अभाव असतो आणि संमती टिकते ती सोबतीवर. कायद्याची गरज यामुळे संपत नाही. ती कोठे अपुरी पडते, एवढे कळते.

मराठी साहित्याच्या दृष्टीने एक काम शिल्लक आहे. परशाच्या आजोबांना एक मोठा निर्णय घ्यायचा होता. शेकडो किलोमीटरवरून येऊन धर्मशाळेत मुक्काम ठोकणाऱ्या, मुलाचे केस परत उगवताना पाहून ‘आता बरा झाला, गावी जाऊ’ असे म्हणणाऱ्या आणि पुढची तारीख चुकवणाऱ्या बापाची कथा वेगळी आहे. त्याच्याजवळ कळसबिंदू नाही, न्यायालय नाही, होडीचे दृश्य नाही. त्याची चुकलेली तारीख रुग्णालयाच्या वहीत एका रिकाम्या रकान्याने नोंदली जाते. त्या रकान्यामागचा माणूस समजून घेणारी कलाकृती निर्माण झाली, तर ती समीक्षकांइतकीच डॉक्टरांच्या आणि समाजसेवकांच्याही उपयोगी पडेल.